‘सयाजीराव’ घोड्याचे धनी

घोड्यांच्या शर्यतींचे जुने शौकीन एकत्र जमले, की जी नावे हमखास निघतात त्यांत ‘सयाजीराव’ हे एक नाव असते. मराठी माणसाला हे नाव ऐकताच बडोद्याचे सुधारक महाराज आठवतात. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची वाचनालये, डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्ती अशी त्यांच्या कार्याची मालिका डोळ्यांपुढे येते. इंग्लंड-आयर्लंडच्या मैदानांवर मात्र हे नाव आहे एका घोड्याचे. ते त्याला दिले ते सयाजीरावांच्या नातवाने, महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी. आजोबांची स्मृती आजही जागती आहे, घोड्याचे नाव वंशावळीच्या ग्रंथांत कायम आहे. या दोहोंच्या मधे उभे असलेले प्रतापसिंहराव मात्र विस्मृतीत गेले आहेत.

प्रतापसिंहरावांचा जन्म २९ जून १९०८ चा. युवराज फत्तेसिंहराव त्याच वर्षी निवर्तले आणि तान्ह्या वयातच ते बडोद्याच्या गादीचे वारस ठरले. आजोबांची कहाणी अगदी वेगळी होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, गायकवाडांच्या दूरच्या शाखेतला गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक घेतला गेला आणि तो सयाजीराव झाला. त्याने राज्य कमावले नव्हते, पण राज्य करण्याची विद्या मात्र कष्टाने कमावली. नातवाला राज्य, खजिना, जडजवाहीर आणि लौकिक हे सारे आयते मिळाले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीरावांचे मुंबईत निधन झाले आणि तिशीतले प्रतापसिंहराव गादीवर बसले.

आरंभ वाईट नव्हता. आजोबांच्या स्मरणार्थ त्यांनी विश्वस्त निधी उभारला. क्रिकेटला त्यांच्या काळात मोठा आश्रय मिळाला. विजय हजारे बडोद्याच्या पदरी होते. मार्च १९४७ मध्ये बडोद्यातच झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. घटना समितीत प्रतिनिधी पाठविण्यासाठी प्रथम पुढे आलेल्या संस्थानांतही बडोद्याचे नाव अग्रभागी होते.

परंतु महाराजांचा जीव खरा रमला तो पागेत. मुंबईशी बडोद्याचे नाते जवळचे होते. डहाणू, चिखले, घोलवडचा किनारी पट्टा ओलांडून गुजरातेत शिरणाऱ्या रेल्वेने दोन्ही शहरे जोडलेली होती. महालक्ष्मीचे मैदान हे तर संस्थानिकांच्या चढाओढीचे ठिकाण. कोल्हापूर, ग्वाल्हेर, राजपिपळा अशा दरबारांचे घोडे येथे धावत. १९४३ मध्ये येथे पहिली इंडियन डर्बी झाली. भारतात जन्मलेल्या चार वर्षांच्या घोड्यांची ही शर्यत जिंकली ती प्रतापसिंहरावांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने. नरांना मागे टाकून एका मादीने पहिला मान मिळवावा, याचे कौतुक महालक्ष्मीचे शौकीन आजही करतात. तिच्यावर स्वार होता ऑस्ट्रेलियाचा जॉकी एडगर ब्रिट.

भारतीय संस्थानिकाने इंग्लंडची डर्बी जिंकण्याचा पराक्रम १९३४ मध्ये राजपिपळ्याच्या महाराजांनी ‘विंडसर लॅड’ घोड्याच्या बळावर केला होता. प्रतापसिंहरावांनी तीच उमेद बाळगली आणि १९४५ मध्ये महायुद्ध संपताच ते न्यूमार्केटच्या बाजारात उतरले. त्या वर्षीची डर्बी ‘दांते’ या घोड्याने जिंकली होती. त्याचा सख्खा धाकटा भाऊ, इटलीच्या अजिंक्य ‘निअर्को’चा वर्षभराचा शिंगरू, लिलावात आला. महाराजांनी त्याच्यावर २८ हजार गिनी मोजल्या. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम जवळपास चार लाख रुपये होते. एवढ्या कोवळ्या शिंगरासाठी ब्रिटनमध्ये तोवर कोणी इतकी किंमत दिली नव्हती आणि पुढे दोन दशके हा उच्चांक टिकला. या शिंगराचे नाव त्यांनी ठेवले सयाजीराव.

थरोब्रेड जातीच्या घोड्याचा सारा भाव रक्तावर ठरतो. या जातीचे सगळे घोडे पितृकुळाने पूर्वेकडून इंग्लंडात गेलेल्या तीन मूळ पुरुषांपर्यंत पोहोचतात, आणि आई-बापांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवली जाते. तरी रक्त चांगले म्हणून शर्यत जिंकता येतेच असे नाही. विक्रमी किमतीला घेतलेली कितीतरी शिंगरे मैदानावर निकामी ठरली आहेत. प्रतापसिंहरावांची निवड मात्र अचूक निघाली. फ्रेड आर्मस्ट्राँग या अनुभवी ट्रेनरला त्यांनी न्यूमार्केटच्या वॉरन प्लेसमध्ये आणून बसविले. ‘सयाजीराव’ १९४७ मध्ये टू थाउजंड गिनीज आणि डर्बी या दोन्ही शर्यतींत तिसरा आला. नंतर त्याने आयरिश डर्बी जिंकली. सप्टेंबरात डोंकास्टरला सेंट लेजर ही पावणेदोन मैलांहून थोडी अधिक लांबीची, १७७६ पासून चालत आलेली शर्यत झाली. शेवटच्या टप्प्यात फ्रान्सच्या ‘आर्बार’ने त्याला गाठले होते. एडगर ब्रिटने त्याला एका मस्तकाच्या अंतराने पुढे काढले.

पुढच्या वर्षी ‘माय बाबू’ची पाळी आली. ‘लेरिन्स’ या नावाने धावू लागलेल्या या घोड्याचे नाव महाराजांनी बदलले. १९४८ मध्ये त्याने टू थाउजंड गिनीज जिंकली, तीही शर्यतीचा वेळेचा विक्रम मोडून. स्वार होता ‘विंडसर लॅड’चाच जॉकी चार्ली स्मर्क. डर्बीत मात्र ‘माय बाबू’ चौथा आला. राजपिपळ्याने मिळविलेला तो एक मान बडोद्याला कधीच लाभला नाही.

डोंकास्टरचा जयजयकार झाला त्याच सप्टेंबरात इकडे भारतात राज्ये विलीन होत होती आणि जुनागढचा पेच चिघळत होता. अशा वेळी प्रतापसिंहरावांनी भारत सरकारला साह्य करण्याच्या मोबदल्यात गुजरात-काठेवाडचे राजेपद मागितले, अशी नोंद व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणाच्या इतिहासात केली आहे. घोड्याच्या चालीवरून त्याचा दम ओळखणाऱ्या या माणसाला काळाची चाल मात्र ओळखता आली नाही.

घरातही वादळ होते. कोल्हापूरकडच्या शांतादेवींशी १९२९ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. १९४३ मध्ये त्यांनी पीठापुरमच्या राजकन्या सीतादेवींशी दुसरा विवाह केला. हिंदूंच्या बहुपत्नीत्वाला बडोद्याच्याच कायद्याने बंदी होती. हा कायदा राजाला लागू नाही, असा पवित्रा महाराजांनी घेतला. ज्या गादीने सामाजिक सुधारणांचे कायदे करून देशाला वाट दाखविली, त्याच गादीवर बसून कायद्याला वळसा घातला गेला, हे प्रजेला रुचले नाही. सीतादेवींचा मुक्काम माँटे कार्लोला हलला, राजघराण्याचे अमूल्य हिरे-मोती परदेशी गेले. खजिन्यातून उचललेल्या मोठ्या रकमांची चौकशी सुरू झाली. रेसकोर्सवर ज्या खर्चाचे कौतुक झाले, त्याच खर्चाचा हिशेब आता बडोद्यात मागितला जाऊ लागला. १९४८ मध्ये डॉ. जीवराज मेहता यांच्या हाती राज्यकारभार आला. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे महाराजांनी विलीनीकरणच नाकारण्याचा प्रयत्न केला, संस्थानिकांची फळी उभारली. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली आणि चिरंजीव फत्तेसिंहराव गादीचे वारस ठरले.

मात्र विलीनीकरणाच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिल १९४९ रोजी, प्रतापसिंहरावांच्या राजवटीने महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना केली. आजोबांचे नाव त्यांनी दोनदा दिले. पहिल्यांदा एका शिंगराला, दुसऱ्यांदा एका विद्यापीठाला. पहिल्या नावाने त्यांना क्षणाचे वैभव मिळाले. दुसऱ्याने बडोद्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल अशी ठेव मिळाली.

पदच्युत झाल्यावर महाराजांचे वास्तव्य युरोपातच राहिले. १९ जुलै १९६८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वॉरन प्लेस आधीच हातचे गेले होते. १९५२ पासून तेथे नोएल मर्लेस यांची आणि नंतर हेन्री सेसिल यांची कारकीर्द फुलली. चौदा शर्यतींत अपराजित राहिलेला ‘फ्रँकेल’ त्याच आवारात घडला. आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यात त्यांनी उभारलेला ‘बरोडा स्टड’ त्या नावाने ओळखला जातो.

आणि घोड्यांचे रक्त तर वाहतेच आहे. ‘सयाजीराव’ची मुलगी ‘ग्लॅडनेस’ने १९५८ मध्ये अॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकला. मुलगा ‘इंडियाना’ने १९६४ मध्ये बापाचीच सेंट लेजर पटकावली. ‘माय बाबू’चा मुलगा ‘अवर बाबू’ १९५५ मध्ये बापाप्रमाणेच टू थाउजंड गिनीजचा मानकरी ठरला. १९६७ मध्ये अमेरिकेतला सर्वोत्तम ठरलेला ‘डमॅस्कस’ हा त्याच्या मुलीचा मुलगा. त्या मुलीचे नाव ‘केरला’.

शौकिनांनी घोड्याला लक्षात ठेवावे आणि धन्याला विसरावे, हा रेसकोर्सचा रिवाजच आहे. प्रतापसिंहरावांच्या बाबतीत तो इतिहासानेही पाळला. ज्या पैशावर ही पागा उभी राहिली त्याचा मूळ धनी बडोद्याची प्रजा होती. त्या प्रजेच्या मुलांसाठी मागे उरले ते न्यूमार्केटचे करंडक नव्हेत, तर आजोबांच्या नावाचे विद्यापीठ. तेही याच महाराजांच्या कारकिर्दीत उभे राहिले, एवढी नोंद त्यांच्या खात्यावर राहायला हवी.