मेरी अँडरसन: वायपरचं पेटंट मिळालं, पण एक पैसाही मिळाला नाही

वायपर आणि काचेवर पाणी मारणारा वॉशर, या दोन्हींची आठवण आपल्याला ते बिघडल्यावरच येते. गळणाऱ्या वॉशर नोझलवर मला लिहायचंच होतं. पण त्यामागची मूळ कल्पना ज्या बाईंना सुचली, त्यांचं आयुष्य वाचलं आणि वाटलं की आधी त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

कोण होत्या मेरी अँडरसन?

मेरी यांचा जन्म १८६६ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, ग्रीन काउंटीत झाला. त्या चार वर्षांच्या असताना वडील वारले. १८८९ मध्ये आई आणि बहिणीसोबत त्या बर्मिंगहॅम शहरात आल्या. तिथे त्यांनी फेअरमाँट अपार्टमेंट्स नावाची इमारत बांधून घेतली. मधली काही वर्षं त्या कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला होत्या. तिथे त्या गुरांचं कुरण आणि द्राक्षांचा मळा सांभाळायच्या. म्हणजे बाई व्यवहारातल्या होत्या, पण इंजिनिअरिंगशी त्यांचा काही संबंध नव्हता.

ट्राममध्ये काय दिसलं?

१९०२-०३ च्या हिवाळ्यात त्या न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्राममधून जाताना बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता. समोरच्या काचेवर बर्फ साचून ड्रायव्हरला रस्ता दिसत नव्हता, म्हणून तो समोरची खिडकी उघडी ठेवूनच ट्राम चालवत होता. थंडगार वारं थेट तोंडावर! काच बंद केली तर दिसत नाही आणि उघडली तर गारठतो, अशी त्याची कोंडी होती.

मला यातली गंमत अशी वाटते की हे दृश्य रोज कित्येक प्रवासी बघत होते. ते बदलता येईल असा विचार मेरी यांनी केला.

यंत्र कसं चालायचं?

रचना अगदी साधी होती. काचेच्या बाहेर रबर लावलेला एक दांडा आणि आत ड्रायव्हरच्या हाताशी एक मूठ. मूठ फिरवली की बाहेरचा दांडा काचेवरून सरकायचा आणि स्प्रिंग त्याला परत जागेवर आणायची. रबर काचेला नीट चिकटून राहावं म्हणून वजनाची सोय केलेली होती. हवा चांगली असेल तेव्हा हे सगळं काढून ठेवता यायचं.

खरी कल्पना इथे आहे: गाडी न थांबवता, आत बसून बाहेरची काच साफ करायची. आज मोटर आली, सेन्सर आले, पण तत्त्व तेच आहे.

पेटंट मिळालं, गिऱ्हाईक नाही

१८ जून १९०३ ला त्यांनी अर्ज केला आणि १० नोव्हेंबर १९०३ ला पेटंट मिळालं. क्रमांक ७,४३,८०१, मुदत १७ वर्षं. १९०५ मध्ये त्यांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डिनिंग अँड एकेनस्टाइन या कंपनीला ते विकायचा प्रयत्न केला. यातून विक्रीसारखा धंदा होणार नाही, असं कंपनीने कळवलं.

आज आपल्याला हे हास्यास्पद वाटतं. पण फोर्डची मॉडेल टी यायलाही तेव्हा तीन वर्षं बाकी होती. गाड्या मोजक्याच होत्या. हिशोबाने बघितलं तर कंपनी त्या दिवसापुरती बरोबर होती, पण पुढच्या वीस वर्षांसाठी पूर्ण चुकली. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि १९२२ मध्ये कॅडिलॅकने आपल्या गाड्यांना वायपर बसवूनच द्यायला सुरुवात केली. तोवर ती कल्पना कोणालाही फुकट वापरता येत होती.

मग वॉशर कशाला?

मेरी यांचा वायपर बर्फ आणि पावसासाठी होता, म्हणजे पाणी वरूनच पडत होतं. कोरड्या धुळीवर रबर फिरवलं तर काचेवर ओरखडे पडतात. म्हणून आतूनच पाणी मारायची सोय करावी लागली. टाकी, छोटा पंप, पाइप आणि नोझल, झाला वॉशर!

नोझल गळत असेल तर मी या क्रमाने बघतो:

- बॉनेट उघडून कोणाला तरी वॉशर चालू करायला सांगा. पाणी नेमकं कुठून येतंय ते आधी बघा.
- नोझलच्या बुडाशी गळत असेल तर बहुतेक वेळा पाइप सैल झालेला किंवा तडकलेला असतो. टोकाचा खराब तुकडा कापून पाइप परत घट्ट बसवा.
- बटण दाबल्यावर पाणी उशिरा येतं किंवा बंद केल्यावरही थेंब पडत राहतात? मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा. पाणी एकाच दिशेने जाऊ देणं हे त्याचं काम. कचरा अडकला की तो नीट बंद होत नाही. धुऊन बघा, नाहीतर बदला.
- बोअरचं पाणी टाकीत भरू नका. त्यातले क्षार नोझलच्या भोकात बसतात. आधीच बसले असतील तर बारीक सुईने हलकेच साफ करा.

उशिरा मिळालेला मान

मेरी शेवटपर्यंत फेअरमाँटचा कारभार बघत होत्या. २७ जून १९५३ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी, टेनेसीतल्या माँटईगल इथे त्यांचं निधन झालं. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला वायपर असलेले त्यांनी पाहिले, पण त्यातून त्यांना काहीच मिळालं नाही. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं ते थेट २०११ मध्ये.

पेटंट घेताना हे लक्षात ठेवा: कागदावरची मुदत पहिल्या दिवसापासून संपत जाते, बाजार तयार असो वा नसो. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी वायपरचं रबर आणि वॉशरचं नोझल एकदा तपासून घ्या.