यशवंताची आई

मुलांनो, मुलींसाठी शाळा चालवणाऱ्या सावित्रीबाई फुले तुम्हांला माहीत आहेत. त्या एका मुलाच्या आईही होत्या. ती गोष्ट आज वाचू या.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. लहानपणीच त्यांचे लग्न जोतीरावांशी झाले. लग्नानंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या. १८४८ साली या दोघांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. लोकांना ते आवडले नाही. १८४९ साली दोघांना घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाई त्या वेळी फक्त १८ वर्षांच्या होत्या. या वयात डोक्यावर छप्पर नसले तर कसे वाटते, हे त्यांनी अनुभवले.

त्या काळी विधवेला मूल झाले, तर समाज तिचा छळ करी. अशा स्त्रियांसाठी फुले पतिपत्नींनी १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे काशीबाई नावाच्या विधवेला मुलगा झाला. १८७४ साली दोघांनी त्याला दत्तक घेतले. हाच यशवंत.

मूल वाढवले की काम संपले, असे त्यांनी मानले नाही. त्यांनी यशवंताला शिकवले. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याला वारस केले. यशवंत मोठा झाला, पण लोक त्याच्या जन्माकडे बोट दाखवत. त्याला मुलगी द्यायला कोणी तयार होईना. शेवटी ज्ञानोबा ससाणे पुढे आले. १८८९ साली त्यांच्या राधेशी यशवंताचे लग्न झाले.

१८९० साली जोतीराव वारले. दत्तक मुलाच्या हक्काला नातेवाइकांनी हरकत घेतली. तेव्हा अंत्ययात्रेतील मडके सावित्रीबाईंनी स्वतः हाती धरले.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा मायलेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या. त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, बालगृहात वाढलेल्या मुलांना १८ वर्षे पूर्ण झाली, की ते घर सोडावे लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्यांना पुढेही मदत देण्याची तरतूद आहे. पण कायद्याबरोबर आपले माणूसही लागते. असा एखादा तरुण तुमच्या मोहल्ल्यात खोली शोधत आला, तर तुम्ही त्याला आधी काय विचाराल? त्याच्या आईवडिलांचे नाव, की तो जेवला आहे का, हे?