दारूचीं दुकानें आणि जोतीराव फुले

बीड जिल्ह्यांत बालाघाटच्या डोंगरांमध्यें कपिलधार येथें श्रीमन्मथस्वामींची समाधि आहे. कार्तिकी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. अशा संतांनीं सदाचाराचा उपदेश माणसाच्या मनाला केला. जोतीराव फुले यांनीं मनाबरोबर दुकानाकडेही पाहिलें. त्यांच्या चरित्रांतील हा भाग आमच्या विद्यार्थ्यांस फारसा ठाऊक नसतो.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. आई लहानपणींच वारली. वडील गोविंदराव यांनीं त्यांस शाळेंतून काढून शेतावर लाविलें. परंतु मुन्शी गफार बेग आणि लिजिट साहेब या दोघां शेजाऱ्यांनीं वडिलांचें मन वळविलें, म्हणून १८४१ सालीं ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा काढिली, ती हकीकत सर्वश्रुत आहे.

पुढें खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं कंत्राटदारी केली. मजुरांचे संसार त्यांनीं जवळून पाहिले. १८७६ सालीं ते पुणें नगरपालिकेचे सभासद झाले, तों शहरांत दारूचीं दुकानें वाढत चाललीं होतीं. उत्पन्न सरकारचें, तंटे, कर्ज आणि उपाशी मुलें मात्र शहराच्या वांट्यास! १८८० च्या जुलैंत जोतीरावांनीं नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष प्लंकेट यांस पत्र लिहिलें. लोकांच्या आरोग्यासाठीं नगरपालिका पैसा खर्च करून स्वतंत्र खातें चालविते. मग तेंच आरोग्य बिघडविणाऱ्या आणि संसार बुडविणाऱ्या दुकानांस आळा कां नसावा, असा त्यांचा मुद्दा होता. दारुड्यास नुसता दोष देऊन ते थांबले नाहींत, हें विशेष. ज्याच्या घरासमोरच गुत्ता, त्या थकलेल्या मजुरास मनोनिग्रह शिकविणें सोपें; गुत्त्यावर बोट ठेवणें कठीण, कारण त्याची मिळकत सरकारी खजिन्यांत जात होती.

दुकानें त्यांच्या हयातींत हटलीं नाहींत. १८८८ सालीं अर्धांगवायूनें उजवा हात गेला, तरी डाव्या हातानें त्यांनीं लेखन चालूच ठेविलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते निवर्तले.

त्यांचा मार्ग मात्र पुढें कायद्यानें धरिला. २००३ च्या कायद्यानें शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास मनाई झाली. महाराष्ट्रांत २००८ च्या आदेशानें लोकांस मतदानानें दारूचें दुकान बंद करण्याचा अधिकार मिळाला. एकूण मतदारांपैकीं निम्म्यांहून अधिकांनीं मत दिलें कीं बाटली आडवी होते. आमच्या गरीब माउल्यांनीं हा अधिकार वापरून कित्येक गांवचीं दुकानें बंद पाडिलीं आहेत.