डॉ. रुडोल्फिना मेन्झेल : भटक्या कुत्र्याला माणसात आणणारी विदुषी

कोकणातील आपल्या जुन्या घरांत कुत्र्याची जागा ओटीच्या पायरीखाली असे. उरलीसुरली भाकरी खाऊन तो रात्रभर अंगण राखी, पण त्याला कोणी मुद्दाम शिकवावे, त्याच्याकडून माणसाची सेवा करून घ्यावी, असा विचार कोणाच्या मनात येत नसे. इस्राएलात आल्यावर बीरशेबा, दिमोना या भागांत राहणाऱ्या आपल्या बांधवांनी बेदुइनांच्या तंबूंभोवती तसेच कुत्रे पाहिले असतील : ताठ कानांचे, वळलेल्या शेपटीचे, परका दिसताच दूर उभे राहून भुंकणारे. या कुत्र्यांची योग्यता ज्या बाईंनी प्रथम ओळखली, त्यांचे नाव आपल्या समाजात फारसे ठाऊक नाही. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रुडोल्फिना यांचा जन्म १८९१ साली व्हिएन्ना शहरी एका सुखवस्तू यहुदी कुटुंबात झाला. मुलींनी विद्यापीठात जाणे त्या काळी विशेष मानले जाई. रुडोल्फिना यांनी व्हिएन्ना विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळविली. विद्यार्थिदशेतच त्या झायनवादी चळवळीकडे ओढल्या गेल्या. डॉ. रुडोल्फ मेन्झेल या वैद्याशी विवाह झाल्यावर दोघे लिंझ शहरी राहू लागले. तेथे त्यांनी बॉक्सर जातीचे कुत्रे पाळले. हौस म्हणून आरंभिलेले हे काम पुढे त्यांच्या जन्माचे कार्य ठरले.

रसायनशास्त्रातली शिस्त बाईंनी कुत्र्यांच्या अभ्यासात आणली. पिल्लू जन्मल्यापासून डोळे केव्हा उघडते, वास केव्हा ओळखू लागते, भावंडांशी कसे वागते, याच्या त्या बारकाईने नोंदी ठेवीत. हा अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याच्या घ्राणशक्तीवर त्यांनी केलेले काम पोलीस व सैन्याला उपयोगी पडले, आणि त्यांच्या सल्ल्याला ऑस्ट्रियात मान मिळू लागला. आपल्या वाचकांना कौतुक वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे, लिंझसारख्या जर्मनभाषी गावात या पतिपत्नींचे कुत्रे हिब्रू भाषेतील आज्ञा पाळीत!

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. लिंझ तर त्याचे लहानपणचे गाव. कालपर्यंत ज्यांचा सल्ला पोलीस घेत होते, त्याच मेन्झेल दांपत्याला घरदार सोडावे लागले. त्याच वर्षी ते तेव्हाच्या पॅलेस्टाइनमध्ये येऊन हैफाजवळील किर्यात मोत्सकीन येथे स्थायिक झाले व तेथे त्यांनी कुत्र्यांच्या मानसशास्त्राची व शिक्षणाची संस्था काढली.

येथे काम सोपे नव्हते. युरोपातून आलेल्या पुष्कळ यहुद्यांच्या मनात कुत्र्याविषयी पिढीजात भीती होती. अंगावर कुत्रे सोडण्याचे प्रकार त्यांनी भोगले होते. तरीही वस्त्यांच्या रक्षणासाठी हगानाला कुत्रे हवे होते व ते तयार करण्याचे काम बाईंकडे आले. पण युरोपातील जातिवंत कुत्री या देशाच्या उन्हाने हैराण होत. तेव्हा बाईंचे लक्ष वस्तीच्या कडेला उकिरड्यावर पोट भरणाऱ्या भटक्या कुत्र्यांकडे गेले. त्यांचा विचार असा की, जो प्राणी कोणाच्याही आधारावाचून या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या तगला, त्याच्यातले दुबळे निसर्गानेच वगळले आहेत. आता हवा होता तो केवळ माणसाचा विश्वास.

तो विश्वास मिळविणे हेच खरे कष्टाचे. त्यांनी मिळविलेल्या पहिल्या मोठ्या कुत्र्याला त्यांनी दुग्मा, म्हणजे नमुना, असे नाव दिले. त्याला जवळ आणायला सुमारे सहा महिने लागले. परंतु एकदा भीती गेल्यावर काही आठवड्यांतच तो त्यांच्याबरोबर शहरात फिरू लागला, बसमध्येही बसू लागला. अशा भटक्या कुत्र्यांना शास्त्रीय ग्रंथांत परिया म्हणत. हा शब्द दक्षिण भारतातील एका दलित जातीच्या नावावरून युरोपात गेला व तेथे बहिष्कृत या अर्थी रूढ झाला. बाईंनी त्यांतून निवडलेल्या वाणाला नवे नाव दिले : कनानी कुत्रा. बहिष्कृताला देशाचे नाव मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश सैन्याला चारशेच्या वर कुत्रे पुरविल्याची नोंद आहे. त्यांचे काम जमिनीत पुरलेले सुरुंग हुंगून काढण्याचे. लाकडी पेटीतील सुरुंग यंत्राला सापडत नसे, तो कुत्र्याच्या नाकाला सापडे. या कामात मुक्या प्राण्यांचा जीव धोक्यात घातला जात होता, हेही येथे सांगितले पाहिजे.

युद्धानंतर बाईंनी आपली विद्या जखमा भरून काढण्याकडे वळविली. १९४९ साली किर्यात हायिम येथे त्यांनी अंधांना स्वतंत्रपणे फिरता यावे म्हणून संस्था स्थापिली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ पासून असे शिक्षण सुरू झाले होते. नव्या इस्राएल राष्ट्रात ते बाईंनी आणले.

हे शिक्षण कसे असते, ते वाचकांस थोडक्यात सांगतो. कुत्र्याच्या अंगावर साज चढवितात व त्याची ताठ मूठ अंध व्यक्ती हाती धरते. कोठे जायचे हे माणूस ठरवितो, कुत्रा नव्हे. कुत्र्याने पदपथाच्या कडेला थांबावे, खड्डा चुकवावा, आणि स्वतःला सहज खालून जाता येईल पण माणसाच्या डोक्याला लागेल अशी फांदीही टाळावी. सर्वांत अवघड धडा आज्ञाभंगाचा! माणूस चल म्हणाला, पण समोरून मोटार येत असली, तर कुत्र्याने हलता कामा नये. नुसते ऐकणे पुष्कळांना शिकविता येते. केव्हा ऐकू नये हे शिकविणारा गुरू विरळा. आम्ही उभा जन्म शाळेत काढला, म्हणून हे विशेष जाणवते.

१९६२ साली तेल अवीव विद्यापीठात त्यांची प्राणी मानसशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. १९६५ साली त्यांनी चार कनानी कुत्रे कॅलिफोर्नियास पाठविले आणि १९६६ साली या जातीला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. १९७३ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात अंधांसाठीचे ते कार्य टिकले नाही. कित्येक वर्षे येथील अंध व्यक्तीला मार्गदर्शक कुत्रा हवा असल्यास अमेरिकेस जावे लागे, आणि त्यासाठी इंग्रजी येणे आवश्यक असे. ज्याला केवळ हिब्रू, अरबी किंवा आपल्यासारखी मराठी येई, त्याने काय करावे? १९९१ साली बेत ओवेद येथे नवे केंद्र निघाले तेव्हा ही अडचण दूर झाली. तेथे कुत्र्यांना हिब्रूतच शिकवितात, जसे मेन्झेल दांपत्य लिंझला शिकवीत. हे केंद्र युद्धाच्या आघाताने मन खचलेल्या सैनिकांना व ऑटिझम असलेल्या मुलांनाही सोबती कुत्रे देते. मार्गदर्शनासाठी आता बहुधा लॅब्राडोर घेतात, कारण कनानी कुत्रा फार स्वतंत्र वृत्तीचा. तो राखणीत व वास काढण्यात तरबेज.

आमच्या कोकणातली पुष्कळ मंडळी पोटापाण्यासाठी आखातात गेली. तेथेही, कतारमधील दुखानसारख्या तेलाच्या गावापासून मोठ्या शहरांपर्यंत, भटका कुत्रा म्हणजे उपद्रव असेच बहुतेकांस वाटते; मुंबईत तरी निराळे काय आहे? सर्वच कुत्र्यांना शिकविता येईल असे नाही, आणि चावऱ्या कुत्र्याची भीती खोटी नव्हे. परंतु स्वतःच्या गावाने हाकलून दिलेल्या एका बाईने, कोणालाच नको असलेल्या जनावरापाशी सहा महिने धीर धरला, आणि त्याच विद्येच्या बळावर पुढे अंधांच्या हाती साजाची मूठ दिली. एखाद्या प्राण्याला वा मुलाला निरुपयोगी म्हणण्याआधी त्याला सहा महिने तरी द्यावेत, एवढे या चरित्रातून घेतले तरी पुष्कळ झाले.