बेसचा बाप

मराठी विभागासाठी लेख दे असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला तर सांगत नाहीयेत ना! बालवाडीपासून कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरातलं आणि विरार लोकलच्या लेडीज डब्यातलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय मात्र लगेच सुचला. झालं असं की मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पप्पांच्या गाडीचा स्टिरिओ सुधारायला घेतला. आमची हॅचबॅक सेकंडहँड, स्टिरिओ कंपनी फिटिंगचा. गाणं लागायचं, पण बेस फक्त नावाला. तबल्याचा डग्गा वाजतोय की कुणी पुठ्ठ्यावर टिचकी मारतंय, काही कळायचं नाही. मी आठवीच्या दोन मुलांची ट्यूशन घेते. ते पैसे साठवून पुढच्या दारांसाठी साडेसहा इंची नवे स्पीकर आणले. हॉस्टेलवरच्या मैत्रिणीकडून मल्टीमीटर आणि सोल्डरिंग गन उसनी घेतली. दाराचं पॅनल काढलं, स्पीकर बसवले, वायरी जोडल्या, गाणं लावलं... आणि होता तो बेससुद्धा गेला!

पप्पा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. कारण महिनाभर आमच्यात तसंही बोलणं कमीच होतं. मला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचं होतं. घरच्या हिशेबात ते बसलं नाही, म्हणून इंजिनिअरिंग. कॅप राउंडला मेकॅनिकल मिळालं, एम-थ्रीला केटी लागली आणि मी रागाच्या भरात घरी सांगून टाकलं की मी हे सोडते. त्यात आता हा मुका स्टिरिओ.

सुट्टी संपल्यावर लायब्ररीतून अकॉस्टिक्सचं एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात एक नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं, हेल्महोल्ट्झ. आधी वाटलं एखाद्या स्पीकर कंपनीचं नाव असेल. मग कळलं की हा माणूस १८९४ साली वारला, म्हणजे गाडीत पहिला रेडिओ लागायच्या कितीतरी आधी. आणि त्याची गोष्ट वाचत गेले तर स्टिरिओ बाजूलाच राहिला.

हर्मन हेल्महोल्ट्झचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ चा, जर्मनीतल्या पोट्सडामचा. वडील शाळामास्तर, पगार बेताचा. पोरगा लहानपणी सारखा आजारी. पाठांतर अजिबात जमायचं नाही. डावं-उजवं यातसुद्धा गोंधळ व्हायचा. लॅटिनच्या तासाला वर्ग कविता वाचत असायचा आणि हा बाकाखाली दुर्बिणीतून प्रकाशाचे किरण कसे जातात त्याची गणितं मांडायचा. (लास्ट बेंचवाल्यांनो, आपला माणूस!)

त्याला फिजिक्स करायचं होतं. पण फिजिक्सवर पोट भरत नाही, आणि युनिव्हर्सिटीची फी द्यायला घरी पैसे नाहीत. वडिलांनी मार्ग काढला. बर्लिनला सरकारी संस्था होती, तिथे डॉक्टरकीचं शिक्षण फुकट मिळायचं. अट एकच, नंतर आठ वर्षं सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी. १८३८ साली हा सतरा वर्षांचा मुलगा तिथे दाखल झाला. म्हणजे आपल्याकडे जे कॅप राउंडमध्ये होतं तेच, फक्त वर बाँडसुद्धा!

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते, खरं सांगते.

पुढे त्याने काय केलं बघा. १८४३ पासून पोट्सडामच्या छावणीत डॉक्टरकी करायची आणि तिथेच बराकीत छोटीशी प्रयोगशाळा थाटायची. स्नायू हलतो तेव्हा उष्णता किती निर्माण होते हे तो बेडकाच्या स्नायूवर मोजायचा. त्यातून निघालं काय, तर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम! १८४७ साली, वयाची २६ वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती, तेव्हा त्याने तो गणितात मांडला. फिजिक्सच्या नावाजलेल्या मासिकाने तो लेख छापायला नकार दिला, म्हणून तो वेगळी पुस्तिका म्हणून निघाला. आपण थर्मोच्या पेपरात फर्स्ट लॉ लिहितो ना, त्याच्या मुळाशी ज्या दोन-तीन माणसांचं काम आहे त्यांतला हा एक, आणि तो मिलिटरीतला डॉक्टर होता.

मग बाँडमधून लवकर सुटका झाली आणि १८४९ मध्ये क्योनिग्सबर्गला शरीरशास्त्राचा प्रोफेसर झाला. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजता येणारच नाही असं त्याच्या गुरूंना, म्युलर यांना, वाटायचं. याने मोजला. बेडकाच्या मज्जातंतूत सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. १८५१ मध्ये डोळ्याच्या आतला पडदा बघण्याचं उपकरण आणलं. आजही डोळ्यांचे डॉक्टर त्याचीच सुधारलेली आवृत्ती वापरतात.

आता येऊ बेसवर. हेल्महोल्ट्झला संगीताचं वेड होतं, पियानो वाजवायचा. पियानोचा आणि व्हायोलिनचा एकच सूर आपल्याला वेगळा का ऐकू येतो, हा प्रश्न त्याने धरला. उत्तरासाठी त्याने पितळेचे आणि काचेचे पोकळ गोळे करून घेतले. गोळ्याला एका बाजूला उघडं तोंड, दुसऱ्या बाजूला बारीक टोक. टोकाला मेण लावून ते कानात बसवायचं आणि दुसरा कान बंद करायचा. प्रत्येक गोळा फक्त स्वतःचा सूर आला की घुमणार, बाकी आवाजाला गप्प. असे लहान-मोठे गोळे एकामागून एक कानाला लावून त्याने एका सुरात दडलेले सगळे सूर वेगळे केले. ना माइक, ना कॉम्प्युटर. हेच हेल्महोल्ट्झ रेझोनेटर. १८६३ साली यावर त्याचं मोठं पुस्तक आलं. पुढे आपल्या सी. व्ही. रामन यांच्यावर त्याच पुस्तकाचा खोल परिणाम झाला. तबला आणि मृदंगाच्या शाईमुळे सूर कसा जुळतो हे रामन यांनी १९२० साली दाखवलं.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा, भों वाजतं. बाटलीच्या मानेतली हवा म्हणजे वजन, पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. वजन स्प्रिंगवर वरखाली होतं तसं ते होतं. मेकॅनिकलवाल्यांनो, व्हायब्रेशनचा पहिला धडा! पोट मोठं किंवा मान लांब केली की सूर खाली जातो, तोंड रुंद केलं की वर चढतो. डिकीतल्या वूफरच्या खोक्याला जो पाइप असतो तो शोभेचा नाही, ती बाटलीची मान आहे. ही युक्ती स्पीकरच्या खोक्यात आणायचं पेटंट अमेरिकेत थुरास नावाच्या इंजिनिअरने १९३२ मध्ये मिळवलं, पण गणित हेल्महोल्ट्झचंच. मी मांडून बघितलं : ४० लिटरचं खोकं आणि १० सेंटिमीटर व्यासाचा, साधारण ३० सेंटिमीटर लांब पीव्हीसी पाइप घेतला, तर सूर जुळतो ४० हर्ट्झच्या जवळपास. तोच पोटात घुसणारा बेस.

आणखी एक गंमत. हायवेला मागची एकच काच अर्धी खाली केली की कानात धुब धुब धुब होतं ना? तेव्हा अख्खी गाडी बाटली झालेली असते आणि वारा तोंडावर फुंकर मारत असतो. दुसरी काच थोडी उघडा, थांबतं.

माणसाच्या आयुष्यात मात्र सगळं जुळून येत नाही. १८५९ च्या डिसेंबरात त्याची बायको ओल्गा वारली, पदरात दोन लहान मुलं. ध्वनीवरचं ते पुस्तक त्याच काळात लिहून होत होतं. तो काम करत राहिला. शेवटी १८७१ मध्ये बर्लिनला त्याला फिजिक्सची प्रोफेसरकी मिळाली. ज्या विषयासाठी सतराव्या वर्षी घरी पैसे नव्हते तो विषय पन्नाशीत हातात आला. तोवर तो फिजिक्सच करत होता, फक्त पाटीवर दुसरं नाव होतं.

त्याचा बर्लिनचा विद्यार्थी हाइनरिश हर्ट्झ. गुरूने सुचवलेल्या प्रश्नाच्या मागे लागून हर्ट्झने १८८० च्या दशकाच्या शेवटी रेडिओ लहरी सिद्ध केल्या. आणि ग्रॅहॅम बेल? त्याने हेल्महोल्ट्झच्या पुस्तकातल्या आकृत्या बघितल्या, जर्मन नीट येत नसल्याने समजून घेतलं की या माणसाने तारेतून स्वर पाठवले आहेत. तसं काही नव्हतं, पण त्या चुकीच्या भरवशावर बेल पुढे गेला आणि १८७६ मध्ये टेलिफोन आला. म्हणजे गाडीतला रेडिओ, ब्लूटूथवर येणारा कॉल आणि डिकीतला बेस, तिन्हीची वाट एकाच घरावरून जाते!

१८९३ मध्ये शिकागोच्या वीज परिषदेहून परत येताना तो बोटीच्या जिन्यावरून पडला. त्यानंतर तब्येत खालावली आणि ८ सप्टेंबर १८९४ ला तो गेला.

आता माझा स्टिरिओ. चूक माझीच होती. एका दारात प्लस-मायनस उलटे जोडले होते. एक पडदा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. ओळखायचं कसं? स्पीकरची वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर येतो. दुसरी गोष्ट, दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात. पडद्यामागची हवा त्यातून पुढे येते आणि पुढच्या हवेला मारते. ती भोकं डॅम्पिंग शीटने बुजवली, पत्र्याची थरथरसुद्धा थांबली. फक्त दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवायची नाहीत, नाहीतर वसईच्या पावसात दार गंजलंच समजा. अ‍ॅम्प्लिफायर नाही, वूफर नाही, आणि डग्गा डग्ग्यासारखा वाजायला लागला.

त्या रविवारी पप्पांबरोबर अर्नाळ्याला गेले. आगाशी ओलांडेपर्यंत दोघंही गप्प. मग पप्पांनी न बोलता आवाज दोन घरं वाढवला आणि विचारलं, केटीचा फॉर्म कधी भरायचाय? मी तारीख सांगितली. फॉर्म भरलाय. एम-थ्री सुटला तर पुढच्या अंकात कळवीन.

चाळीस लिटरचं ते खोकं सध्या हॉस्टेलवर मैत्रिणीच्या कॉटखाली वूफरच्या पैशांची वाट बघतंय. (रेक्टर मॅडम, त्यात फक्त हवा आहे, प्लीज!) आणि कुणाच्या घरच्या गाडीचा बेस गेला असेल तर दीड व्होल्टचा सेल घेऊन कॅन्टीनमध्ये या. चहा तुमचा, सल्ला फुकट.