जात्यावरचे पीठ आणि महात्म्याची प्रकृती

खास प्रतिनिधी

महाबळेश्वर : सन १९४५च्या उन्हाळ्यात, युरोपातले महायुद्ध संपण्याच्या बेतात असताना आणि काँग्रेसचे बहुतेक थोर नेते तुरुंगात असताना, पंचाहत्तर वर्षांचे एक कृश गृहस्थ महाबळेश्वरच्या मोरारजी कॅसल या बंगल्यात मुक्कामाला होते. वर्षभरापूर्वीच, ६ मे १९४४ रोजी, हिवतापाने खंगलेल्या अवस्थेत पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेतून त्यांची सुटका झाली होती. त्याच वास्तूत त्यांनी आधी महादेवभाई देसाई आणि नंतर कस्तुरबा यांना निरोप दिला होता. सुटकेनंतर जुहू, पुणे, पाचगणी आणि मग महाबळेश्वर असा त्यांचा प्रवास झाला. सह्याद्रीच्या थंड हवेत महात्मा गांधी आपली प्रकृती सावरत होते.

महाबळेश्वरला येणाऱ्या पर्यटकाला मोरारजी कॅसलचे नाव प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत हमखास आढळते. परंतु गांधीजी येथे राहिले होते, एवढ्यावरच ती माहिती संपते. त्यांच्या राजकारणावर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले. त्यांच्या ताटाविषयी मात्र बकरीचे दूध आणि उपवास यांपलीकडे आपल्याला फारसे ठाऊक नसते. वास्तविक जवळजवळ साठ वर्षे या माणसाने स्वतःच्या शरीराची प्रयोगशाळा केली होती. त्यातले काही प्रयोग फसले, काही जिवावर बेतले आणि काही असे ठरले, की आजचे आहारशास्त्र वेगळ्या वाटेने त्याच मुक्कामी येऊन पोहोचले आहे.

लंडनमधील पायपीट

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरच्या वैष्णव घरात जन्मलेल्या मोहनदासने शाळकरी वयात मित्राच्या नादाने चोरून मांस खाऊन पाहिले होते. इंग्रजांसारखे बलवान व्हायचे तर त्यांच्यासारखे खाल्ले पाहिजे, अशी तेव्हाची समजूत होती. सप्टेंबर १८८८मध्ये तो बॅरिस्टर होण्यासाठी बोटीने निघाला, तेव्हा मात्र मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन त्याने आईला दिले होते.

लंडनमध्ये या वचनाने त्याची उपासमारच मांडली. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवरचे एक शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि तेथेच हेन्री सॉल्ट यांची शाकाहाराचा कैवार घेणारी पुस्तिकाही हाती लागली. आतापर्यंत केवळ वचनापोटी पाळलेला शाकाहार आता विचाराने पटला. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत गांधीजी दाखल झाले आणि १८९१ साली त्या मंडळींच्या नियतकालिकात त्यांनी भारतीय शाकाहारावर लेखमालाही लिहिली. घरून येणारे मसाले आणि मिठाया त्यांनी बंद केल्या. बिनमसाल्याचा उकडलेला पालक त्यांना गोड लागू लागला. चव जिभेत नसते, मनात असते, या निष्कर्षाला ते याच काळात आले. गाडीभाडे वाचवण्यासाठी रोज आठ-दहा मैल चालण्याची सवयही तेथलीच, आणि ती त्यांनी अखेरपर्यंत जपली.

सात पौंडांचे जाते

दक्षिण आफ्रिकेत वकिली चांगली चालू लागली, तसे बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी हे सुखवस्तू माणसाचे विकार गांधीजींच्या मागे लागले. मँचेस्टरमध्ये न्याहारी सोडणाऱ्यांची एक संस्था निघाल्याचे त्यांच्या वाचनात आले. त्यांनीही न्याहारी सोडली. काही दिवसांत डोकेदुखी थांबली आणि आपण गरजेपेक्षा अधिक खात होतो, असा निदान-निर्णय त्यांनी स्वतःच देऊन टाकला. पोटाची तक्रार मात्र उरली. लुई कूने यांची कटिस्नाने आणि पुढे अॅडॉल्फ जुस्ट यांच्या पुस्तकातील मातीच्या पट्ट्या हे उपाय त्यांनी त्यासाठीच हाती घेतले.

याच सुमारास जोहान्सबर्गच्या घरात सात पौंडांना घेतलेले एक हातजाते आले. त्याचे लोखंडी चाक एकट्याला पेलण्याजोगे नव्हते. बॅरिस्टर गांधी, त्यांचे स्नेही पोलाक आणि घरातली मुले असे सगळे मिळून ते फिरवत. गिरणीचे पांढरेशुभ्र पीठ घरात येणे बंद झाले आणि कोंड्यासकट दळलेल्या कणकेची भाकर ताटात आली. दळणाचा व्यायाम होई तो वेगळाच.

हा निव्वळ साधेपणाचा सोस होता, असे म्हणता येणार नाही. गव्हाच्या दाण्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला, की तंतू, बऱ्याचशा जीवनसत्त्वांचा आणि खनिजांचा साठा जातो. उरतो तो मुख्यतः पिष्टाचा भाग. तो झपाट्याने पचतो आणि रक्तातील साखर तितक्याच झपाट्याने चढवतो. तांदळाचेही तेच. जावा बेटावर डच वैद्य आइकमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोंबड्यांवर केलेल्या निरीक्षणांतून सडीक तांदळाचा आणि बेरीबेरीसारख्या विकाराचा संबंध उजेडात आला होता. पुढे १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. जीवनसत्त्व हा शब्द रूढ होण्याच्या आधीच गांधीजींचे जाते फिरू लागले होते.

फसलेले प्रयोग

मात्र या चरित्राची दुसरी बाजू सांगितली नाही, तर ती भाबडी भक्ती होईल. गांधीजींचे प्रयोग अनेकदा स्वतःपुरते राहत नसत. १९०२ साली मुंबईत असताना दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप देण्यास सांगितले. गांधीजींनी ते नाकारले आणि ओल्या चादरीचे उपचार केले. मुलगा बरा झाला; पण तो ईश्वरकृपेने झाला, पाण्याच्या उपचाराने की पथ्याने, हे कोण सांगणार, अशी प्रांजळ नोंद त्यांनीच पुढे करून ठेवली. कस्तुरबांच्या आजारपणात त्यांनी मीठ आणि डाळी सोडण्याचा आग्रह धरला. ते तुम्हाला तरी जमेल काय, असे त्या म्हणताच स्वतःच वर्षभरासाठी दोन्ही सोडून बसले आणि त्या माउलीला डोळ्यांत पाणी आणायला लावले.

१९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध वर्ज्य केले. त्याची किंमत १९१८ साली मोजावी लागली. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी वणवण करताना शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू यांवर त्यांचा निर्वाह चालला होता. सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गव्हाची गोड लापशी आणि वाडगाभर मूग त्यांनी खाल्ले आणि हगवणीने त्यांना मृत्यूच्या दारात नेले. हवापालटासाठी माथेरानला नेले, तर तेथील जड पाणी मानवेना. आठवड्याच्या आत खाली उतरावे लागले. मुंबईचे डॉ. दलाल यांनी दुधावाचून शरीर भरून येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग बकरीच्या दुधाला हरकत कसली, ही तोड कस्तुरबांनी काढली. गांधीजींनी ती मानली आणि व्रताचे अक्षर राखून आत्मा मोडल्याची खंत पुढे कायम बाळगली.

१९२९मध्ये भिजवलेले, मोड आलेले धान्य आणि कच्च्या भाज्या यांवर राहण्याचा प्रयोग त्यांनी सुरू केला. अशक्तपणा आला, पोट बिघडले, तेव्हा प्रयोग थांबवला आणि तसे आपल्या साप्ताहिकातून जाहीरही केले. त्याआधी जानेवारी १९२४मध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करवून घेण्यासाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात इंग्रज शल्यविशारद कर्नल मॅडॉक यांच्या हाती त्यांनी देह सोपवला होता. पाश्चात्त्य वैद्यकावर कठोर टीका करणाऱ्याला हे शोभते काय, असे विचारणाऱ्यांनाही त्यांनी आपला दुबळेपणा न लपवता उत्तर दिले.

मगनवाडीचा हिशेब

डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या वैयक्तिक पथ्याला सार्वजनिक रूप आले. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा कामाला लागले. सल्लागारांत जगदीशचंद्र बोस, चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या जोडीला आहारशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांचेही नाव होते. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, साखरेऐवजी गूळ असा आग्रह सुरू झाला. गिरणी आली, की दाण्यातला कस आणि कांडणाऱ्या बाईची मजुरी अशा दोन्ही गोष्टी गावाबाहेर जातात, हा त्यांचा हिशेब होता. सोयाबीन, कडुनिंबाचा पाला, चिंच, लसूण अशा स्वस्त वस्तूंची मगनवाडीच्या पंगतीत परीक्षा होऊ लागली. कडुनिंबाची चटणी पाहून पाहुण्यांचे चेहरे कसे होत असतील, याची कल्पना करता येते.

तरीही गांधीजींची प्रकृती दंतकथेतल्यासारखी अभेद्य नव्हती. १९३५च्या अखेरीस रक्तदाब वाढून त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांच्या तपासण्यांच्या नोंदी आहेत. त्यानुसार ऑक्टोबर १९३७मध्ये त्यांचा रक्तदाब १९४/१३० आणि फेब्रुवारी १९४०मध्ये २२०/११० होता. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांचे वजन ४६.७ किलो भरले होते. अन्न निर्मळ, चालणे नियमित, व्यसन कोणतेही नाही. तरी रक्तदाब होताच. वय, अनुवंश आणि एका देशाच्या चिंतेचा भार यांवर हातसडीचा तांदूळ हा उतारा नव्हे, हे या आकड्यांवरून कुणाच्याही ध्यानात यावे.

ताटाबाहेरची विषे

ऑगस्ट ते डिसेंबर १९४२ या काळात आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी आरोग्यावर एक लहानसे गुजराती पुस्तक लिहिले. याच विषयावर १९१३ साली आफ्रिकेत लिहिलेल्या लेखमालेची ती सुधारलेली आवृत्ती म्हणावी लागेल. त्या पुस्तकाची सुरुवात अन्नाने होत नाही. शरीराची ओळख करून दिल्यावर आधी हवा, मग पाणी आणि त्यानंतर अन्न असा त्याचा क्रम आहे. कोंदट खोलीतील झोप आणि गढूळ विहीर ही ताटाइतकीच जबाबदार आहेत, हा या मांडणीचा अर्थ. पुढे चहा-कॉफी, मद्य, अफू, तंबाखू यांची स्वतंत्र प्रकरणे येतात. तंबाखूवर त्यांचा विशेष राग होता. तंबाखू आणि कर्करोग यांचे नाते पन्नासच्या दशकातील मोठ्या अभ्यासांनी पक्के केले. गांधीजींनी त्याआधीच तिला घराबाहेर काढले होते.

बैठे काम करणाऱ्यासाठी त्यांनी दिवसाचे मापही दिले आहे. गाईचे दूध दोन पौंड, धान्य सहा औंस म्हणजे सुमारे १७० ग्रॅम, पालेभाजी तीन औंस, अन्य भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, दीड औंस तूप किंवा दोन औंस लोणी, दीड औंस गूळ अथवा साखर आणि ऐपतीप्रमाणे फळे. आजचा आहारतज्ज्ञ तूप आणि गूळ यांबाबत हात आखडता घ्यायला सांगेल. परंतु भाज्यांचे वजन धान्याहून अधिक ठेवणारे हे ताट पाहून तो मान डोलावेल, यात शंका नाही.

उरुळीतील अखेरचा प्रयोग

महाबळेश्वरहून गांधीजी जूनमध्ये पाचगणीला उतरले आणि तेथून व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या निमंत्रणावरून सिमल्याला गेले. वाटाघाटी फिसकटल्या. त्याच वर्षी पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांनी दीर्घ मुक्काम केला आणि १८ नोव्हेंबर १९४५ रोजी अखिल भारतीय निसर्गोपचार न्यास स्थापन झाला. तथापि शहरातील केंद्रात खेड्यातला गरीब कसा येणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. २२ मार्च १९४६ रोजी ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले. रोज खेडूत रुग्ण तपासू लागले. ऊन, पाणी, माती, साधे अन्न आणि रामनाम एवढीच त्यांची औषधपेटी होती. आठवडाभराने दिल्लीच्या राजकारणाने त्यांना परत बोलावले. मागे राहिलेले तरुण मणिभाई देसाई यांनी उरलेले आयुष्य उरुळीला वाहिले. तेथील निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि हा प्रयोग त्यांच्या हातून पुरा व्हायचा राहिला.

आज या विषयाकडे वळण्याचे कारण उघड आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मैदा, साखर, पॉलिशचा तांदूळ आणि बसून काढलेला दिवस यांचा त्यात मोठा वाटा आहे. कीटकनाशकांचे अवशेष, प्लास्टिक, वाहनांचा धूर ही विषे गांधीजींच्या पुस्तकात नाहीत. पण आपले अन्न कोठून आले, त्याचे पुढे काय केले गेले आणि आपण कोणती हवा घेतो, हे विचारण्याची सवय त्यात आहे.

म्हणून गांधीजींचे अनुकरण करायचे तर कशाचे, हे आधी ठरवावे. दूध तोडण्याचे नव्हे, औषधे फेकून देण्याचे तर मुळीच नव्हे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने पथ्यातला कोणताही मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. घेण्याजोगी आहे ती त्यांची रीत. एक बदल करावा, त्याचा परिणाम प्रामाणिकपणे पाहावा, चुकले तर हट्ट सोडावा आणि टिकेल तेवढेच ठेवावे. साठ वर्षांच्या खटाटोपातून त्यांच्याजवळ जे टिकले, ते अगदी साधे होते. कोंड्यासकट धान्य, भरपूर भाजी, बेताची गोडी, निर्व्यसनी जीवन, मोकळी हवा आणि रोजची पायपीट. यातले काहीच महाग नाही, आणि काहीच केवळ महाबळेश्वरच्या डोंगरावर मिळते असेही नाही.