भाऊ दाजी लाड: पेशंट तपासणारे आणि शिलालेख वाचणारे डॉक्टर

भायखळ्याला राणीच्या बागेत गेलात की डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दिसतं. पण हे भाऊ दाजी नक्की कोण होते?

मूळचे गोव्याचे भाऊ १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. गरिबांवर ते मोफत उपचार करायचे. दुसरं वेड शिलालेखांचं. लेखाची नक्कल चुकली, तर राजाचं नाव आणि सालही चुकतं. म्हणून त्यांनी जुनागढच्या तरुण भगवानलाल इंद्रजींना मुंबईत बोलावलं आणि नव्या नकला करायला पाठवलं.

गिरनारच्या एकाच शिळेवर अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांच्या काळातले लेख आहेत. त्यातल्या शेवटच्या दोन्हींचं भाऊंनी भाषांतर केलं. रुद्रदामनचा लेख सांगतो, की वादळी पावसात सुदर्शन तलावाचा बांध फुटला. मंत्र्यांनी हात टेकले. सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याने तो पुन्हा बांधून घेतला, तोही प्रजेवर जादा कर न लादता!

१८७४ मध्ये भाऊ वारले. ज्या म्युझियमसाठी ते झटले, त्याला १९७५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. सुविशाखचं नाव मात्र दगडावर होतंच. ते नीट वाचणारं कुणीतरी हवं होतं.